कलम दोन

एकोणपन्नासचा जुलै. साबणाच्या कारखान्याचा वास
ओहायो नदीवरून गल्लीत शिरलेला,
आणि माझा बाप, थॅडियस गॅडिस,
बनियनवर पायऱ्यांवर बसून
पेपर मोठ्यानं वाचत होता.
कायदा झाला होता.
प्रत्येक अमेरिकी कुटुंबाला चांगलं घर, राहण्याजोगा परिसर.
‘प्रत्येक’पाशी तो थांबला.
चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
समोरून झेनोबिया लाइल म्हणाल्या,
“प्रत्येक म्हणजे कोण कोण, तेही छापलंय का बघ.”

बापानं कात्रण कापलं, पिठाची खळ शिजवली,
आणि स्वयंपाकघरात छतापासून भेग उतरायची
बरोब्बर तिच्यावर चिकटवलं.
“आता ही सरकार बुजवणार.”
आई हसली. बऱ्याच दिवसांनी.

झेनोबियाबाईंचं वेड वेगळं.
परसात रानटी नासपतीचा खुंट होता.
पुढच्या मार्चात त्यावर त्यांनी
जॉर्जियाहून ओल्या फडक्यात आणलेली काडी बांधली:
तिरका छेद, सुतळी, वरून मेण.
सुतळीचं टोक माझ्या हातात.
“घाई करायची नाही,” म्हणाल्या,
“दोन साली एकमेकींना ओळखतील
तेव्हा ओळखतील.”

पाचव्या वर्षी फळ धरलं.
आठव्या वर्षी माणूस आला.

हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर छापील तक्ता.
संडास घराबाहेर: इतके गुण.
दोन बिऱ्हाडांत एक नळ: इतके.
आमच्या शाळेच्या उलटा कारभार,
जितके गुण जास्त तितकं घर नापास.
त्यानं अगदी जपून
पिवळ्या कात्रणाचं टोक नखानं उचललं,
खालची भेग पाहिली,
लिहिली,
आणि टोक पुन्हा दाबून बसवलं.
चांगला माणूस असावा.
नासपतीला रकाना नव्हता.

मग नोटीस, मग दुसरी, तिच्यावर लाल शिक्का.
मोबदला मालकाला,
ज्यानं भेग कधी पाहिलीच नव्हती.
आम्हा भाडेकरूंना पत्त्यांची यादी, सायक्लोस्टाइल केलेली,
शाई बोटांना लागत होती.
सरकारी इमारतीसाठी बापाचा पगार
आठवड्याला तीन डॉलरनं जास्त निघाला.
टेकडीपलीकडच्या नव्या वसाहतीसाठी
आमचा रंग जास्त निघाला.
आईनं दोन्ही पत्रं साखरेच्या डब्यात ठेवली.
मुंग्या लागू नयेत म्हणून झाकण घट्ट लावलं.

शेवटच्या रात्री बाप सुरी घेऊन भिंतीपाशी गेला.
खळ चांगली शिजली होती त्या वर्षी.
कात्रण पापुद्र्यासकट फाटत गेलं,
हातात राहिली ती मागची बाजू:
अर्धी जाहिरात, कुणाच्या तरी नव्या टोप्यांची.

सदतिसाव्या वर्षी मी ग्रंथालयात मूळ कायदा मागवला.
कलम दोन. वाक्य तेच होतं.
फक्त आधी तीन शब्द होते
जे पेपरनं गाळले, की बापानं वाचताना,
आता कोण सांगणार:
शक्य तितक्या लवकर.
बाहेर पडताना दारातल्या पोऱ्यानं पिशवी तपासली,
काही नेत नाही ना म्हणून.

गल्लीच्या जागी आता गाड्या लावतात.
गाड्या लागायच्या आधी अकरा वर्षं
तिथं काहीच नव्हतं, नुसतं उंच गवत.
तारेच्या कुंपणाशी खुंट फुटलाय.
कलम नाही; ते तेव्हाच गेलं, जोडाच्या खाली कापलेलं.
हा खालचा, रानटी, काट्याकाट्यांचा,
फळं अक्रोडाएवढी, दगडासारखी.
एक चावलं. जीभ आक्रसली.
पहारेकऱ्यानं खोपटातून विचारलं,
“बाई, तुमची गाडी कुठली?”

मी हातानं जागा दाखवायला लागले,
इथं नळ, इथं पायऱ्या,
आणि तो बिचारा
त्या दिशेला गाडी शोधत राहिला.